जागेचा रकाना

आधी वल्हं नावेच्या काठावर आपटायचं, मग तोंड उघडायचं, अशी काकांची रीत होती. लाकूड असं कडाडायचं की आम्ही नववीतल्या मुली दचकून हातातली पट्टी पाडायचो. "आधी मोज, मंग बोल."

ते नदीकाठच्या कारधा गावचे मासेमार. भंडाऱ्याच्या आमच्या इंग्रजी शाळेनं वैनगंगेतल्या माशांची नोंद ठेवायचं काम घेतलं होतं. आमच्या वहीतल्या नोंदी पुढे नदीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांकडे जायच्या. दर शनिवारी सकाळी काका जाळ्यातला मासा विकण्याआधी आम्हाला मोजू द्यायचे. नाव, लांबी, जागा असे तीन रकाने. अंड्यावर आलेली मादी मोजून परत पाण्यात.

आम्ही शास्त्रीय नावं लिहायचो. "या नावानं हाक मारली तं मासोळी येते काय?" ते विचारायचे. मी काहीतरी पुटपुटायचे. "तुयापेक्षा झिंगा मोठ्यानं बोलते, पोरी."

एवढ्यावरून ते प्रेमळ होते असं धरून चालू नका. गावातला एकजण पाण्यात करंट सोडून मासे मारायचा. काकांनी त्याची बॅटरी आमच्या डोळ्यांदेखत दगडानं फोडली, आणि तो अंगावर आला तेव्हा तोच दगड त्याच्या नडगीवर घातला. मग हात धुतले आणि म्हणाले, "काढा वही."

मार्चमध्ये शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं. मी नदीचा मोठा नकाशा काढला आणि अंड्यावरच्या मरळी ज्या डोहात जमतात तिथं लाल टिकली लावली. पाहुण्यांनी कौतुक केलं, लोकांनी मोबाईलवर फोटो काढले. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले.

पुढच्या शनिवारी आम्ही काठावर पोचत होतो, तेवढ्यात डोहात सुरुंगाचा बार उडाला. पाणी उभं राहिलं, चिखल आमच्या तोंडावर आला. मग पांढरी पोटं वर येऊ लागली. एका नावेतून तिघंजण मरळी गोळा करायला लागले.

काकांनी आपली नाव त्यांच्या नावेवर घातली आणि एकाच्या खांद्यात वल्हं हाणलं. हाड मोडल्याचा आवाज काठापर्यंत आला. उरलेल्या दोघांनी त्यांना उथळ पाण्यात ओढलं. तेच वल्हं मग त्यांच्या हातावर, तोंडावर. मारणारा हसत म्हणाला, "बुढ्या, डोह तं तुया पोरींच्या नकाशातच भेटला."

आमच्या बाई ओरडत होत्या, मुली रडत होत्या. मी वही छातीशी धरून उभी होते.

ती माणसं गेल्यावर काका गुडघ्यांवर काठाला आले. उजवा हात लोंबत होता, ओठ फाटला होता. बाई ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावत होत्या. काकांनी डाव्या हातानं माझ्याकडची वही घेऊन माझ्यासमोर उघडी धरली. "मोज."

मी काठाला लागलेली एक मरळ पट्टीवर ठेवली. फाटलेल्या पोटातली अंडी बोटांना चिकटली.

"काका, नकाशा मी काढला होता."

"ठाऊक हाय मले." ते रक्त थुंकले. "तवाच फाडाले पायजे होता. पण तू हासून राहिली होती. पयल्यांदाच पाह्यलं तुले हासताना."

मला पुढचं दिसेना.

"थांबली काहून? लिही."

तो हात पुन्हा सरळ झाला नाही. नाव विकून ते तुमसरला लेकीकडे गेले आणि तिथंच वारले. आम्हाला ते फार उशिरा कळलं.

आता मी त्याच शाळेत शिकवते. वही माझ्या कपाटात आहे. त्या दिवसाच्या पानावर मरळींची नावं आहेत, लांबी आहे, माझं अक्षर वाकडं आलेलं आहे. जागेच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही. काकांनी पान तिथंच धरलं होतं. त्यांच्या अंगठ्याचा तपकिरी डाग आहे.