कर्णिकबाईंचा जपानी काढा

निवृत्त माणसाकडे दोन गोष्टी साठतात. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या मी फेकून देतो.

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काचेच्या बाटल्या धूत असे. शिक्षण चौथी. पण माझ्या हातची बाटली कुणाला परत धुवावी लागली नाही! आता तिथे टॉवर आहे.

*

जपानला शिकून आलेल्या कर्णिकबाईंनी तिकडच्या काढ्याच्या पुड्या आणल्या होत्या. दालचिनी, सुंठ, ज्येष्ठमध, आणखी काय काय. पहिल्यांदा काढा उकळला तेव्हा माझा जोडीदार धुरी नाक वर करून आला. मालवणचा माणूस.

"बाई, ह्यो वास आमच्या आजयेच्या काढ्याचो! ह्याच्यासाठी जपानाक गेलात?"

"आजीनं तो पेशींवर घालून बघितला होता का, धुरी?"

धुरीनं पातेल्यावर वाकून पुन्हा एकदा वास घेतला.

*

बाटल्यांत उंदराच्या पेशी वाढत. त्यांना मज्जातंतूंसारखे धागे फुटत. कंपवातात माणसाच्या मेंदूतल्या अशाच पेशी मरतात, असं बाई सांगत. एका बाटलीत नुसतं विष, दुसरीत आधी काढा, मग विष. काढ्यातल्या पेशी तगतात का, एवढंच बघायचं. दिवाळीपर्यंत काही दिसलं नाही तर खोलीला कुलूप, असं लॅबच्या मोठ्या साहेबांनी बजावलं होतं. बाई जेवायलाही उठत नसत.

धुरी म्हणाला, "वाचवूच्या आसत तर विष घालतास कित्याक?"

"तुम्ही आणि साहेब अगदी सारखं बोलता!"

*

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. धुरीनं मायक्रोस्कोपला कुंकू लावलं आणि पेशींच्या उबेच्या पेटीत, चक्क आत, झेंडूचं फूल ठेवलं! दसऱ्यानंतर उघडून बघतो तर सगळ्या बाटल्यांत बुरशी.

मी धुरीला झापणार, तेवढ्यात बाईंनी हात केला.

"पूजा पोचली. प्रसाद बुरशीनं खाल्ला. चला, बाटल्या धुवा."

*

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटची पुडी उकळून गार करत ठेवली, तर धुरीनं अर्धा काढा पिऊन टाकला!

"सर्दी झाली होती, बाई. आता नाक मोकळा! लिवन घ्या!"

"रिपोर्टमध्ये तुमचं नाक घालू?"

उरलेल्या काढ्यापाशी मी स्टूल टाकून बसलो.

*

दिवाळी तोंडावर आली आणि साहेब कुलूप घेऊन आले. बाईंनी त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आधी नुसत्या विषाची बाटली.

"मेल्यात," साहेब म्हणाले.

मग काढ्याची. साहेब वाकले ते वाकलेच.

धुरी माझ्या कानात म्हणाला, "पवारा, झोपलो काय रे ह्यो?"

साहेबांनी मान वर केली. "धागे शाबूत आहेत. काढा उरलाय का?"

"कशाला, सर?"

"आईचे हात थरथरतात. चमचा धरवत नाही."

"सर, ह्या उंदराच्या पेशी. त्याही बाटलीतल्या. माणसाचं मला माहीत नाही."

"कधी माहीत होईल?"

"खोली उघडी राहिली तर."

साहेब उठले. दारात उभ्या धुरीच्या हातात त्यांनी कुलूप दिलं.

"घे. सायकलला लाव."