सही न केलेली बाजू

किल्न स्ट्रीटच्या पायऱ्या निम्म्या चढून झाल्या होत्या आणि पिशवीच्या पट्ट्यानं माझा खांदा भरून आला होता. पुढं व्हर्न कोसिक चालत होते. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, तरी माझ्यापेक्षा चार पायऱ्या वरच. पोस्टमास्तरांनी टपाल वाटायची बीट शिकायला मला त्यांच्या मागं लावलं होतं, त्याचा तो दुसरा दिवस. टार्बेल गावात रस्ते थोडे आणि पायऱ्या फार. खाली नदी, नदीकाठी काचेचा कारखाना, आणि घरं सगळी टेकडीला धरून बसलेली.

“काय पुटपुटतेस गं?” मागं न बघताच त्यांनी विचारलं.

“देवाचं नाव घेते. चढ सोपा जातो.”

“मीही घेतो. पण माझा देव शहाणा आहे, तो खालीच थांबतो.”

एकशे बासष्ट पायऱ्यांच्या त्या वाटेवर सगळ्यांत वरचं घर यांचिकबाईंचं. त्या ओसरीत खुर्ची टाकून आमची वाटच बघत होत्या.

“आलास का, अर्ध्या कार्डा? काल माझं पत्र कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात पडलं होतं.”

“वारा होता, यांचिकबाई.”

“वाऱ्याला कशाला नावं ठेवतोस? तुझ्या हातात कधी काही राहिलंय का? राहिलं असतं तर आज टीव्हीवर दिसला असतास.”

“मग तुमची पेन्शन कोणी आणली असती एवढ्या वर?”

बाई हसल्या आणि आम्हाला दोन दोन बिस्किटं मिळाली. मला मात्र ते ‘अर्धं कार्ड’ काही कळलं नाही. वरच्या कठड्यावर बसून डबा खाताना मी विचारलं. त्यांच्या डब्यात लोण्यात परतलेला कोबी आणि शेवया होत्या, माझ्यात पोळी-भाजी. आम्ही निम्मं निम्मं केलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. बावीस वर्षांचे असताना ते बेसबॉलच्या मोठ्या संघात गेले होते. कॅचर म्हणून. आपल्याकडे विकेटकीपर असतो तसा, पण अख्खा खेळ उकिडवं बसून, आणि कोणता चेंडू टाकायचा ते बोटांच्या खुणेनं सांगत. त्याच आठवड्यात डेल हॅटन नावाचा एक मुलगा चेंडू टाकायला आला. दोघं एका खोलीत राहायचे, एका साबणानं आंघोळ करायचे. पुढच्या वसंतात च्युइंग गमच्या पुडीतून जी खेळाडूंची कार्डं निघतात, त्यात एकाच कार्डावर दोघांचे चेहरे छापून आले. डावीकडे हॅटन, उजवीकडे कोसिक. वर लिहिलेलं, ‘उद्याचे तारे’.

“कार्ड दुकानात आलं तेव्हा मी खालच्या दर्जाच्या संघाच्या बसमध्ये होतो,” व्हर्न म्हणाले. “अकरा सामने खेळलो. मग घरी आलो आणि पोस्टाची परीक्षा दिली.”

“आणि डेल हॅटन?”

ते शेवया चिवडत हसले. “तू या देशात राहतेस की नाही?”

नंतर मला कळलं. हॅटन एकोणीस वर्षं खेळला. दोनशे एकसष्ट सामने जिंकला. त्याच्या नावाच्या शाळा आहेत, आणि खेळाडूंच्या त्या मोठ्या स्मारकात त्याचा पितळी मुखवटा आहे. त्याचं पहिलं कार्ड म्हणून ते दोन चेहऱ्यांचं कार्ड एका बऱ्या गाडीच्या किमतीला जायचं. न्हाव्याच्या दुकानात एक काचेत लावलेलं होतं. लोक डाव्या चेहऱ्याकडे बघायचे, आणि मग खुर्चीत दाढीला बसलेल्या व्हर्नकडे.

सही मागायला माणसं यायची. लांबून गाड्या घेऊन, कार्ड प्लास्टिकमध्ये जपून. हॅटनची सही मिळालेली असायची, उजवी बाजू तेवढी कोरी. व्हर्न त्यांना कॉफी द्यायचे, गप्पा मारायचे, आणि सही द्यायचे नाहीत. कोणी चिडायचं, कोणी म्हणायचं, म्हाताऱ्याला भारी किंमत हवी असेल. तसं नव्हतं. त्यांच्या घरी मी स्वतः पाहिलंय, सिगारच्या एका लाकडी डब्यात हॅटनची एकोणीस वर्षांची एकोणीस कार्डं ओळीनं ठेवलेली. दर वसंतात हॅटनचं कार्ड मिळेपर्यंत ते गमच्या पुड्या घेत राहायचे. त्यांच्या बायकोनं, मार्गीनं, त्या गमला कंटाळून एकदा तो शेजाऱ्यांच्या अंगणातल्या मुंग्यांना घालून बघितला म्हणे.

“हे बघ,” ते मला कार्डं पसरून दाखवायचे. “इथं कल्ले वाढवले. इथं लग्न झालं, चेहऱ्यावर दिसतंय. पंधराव्यात पोट सुटलं.” कार्डाच्या मागं वर्षागणिक आकड्यांची एक एक ओळ वाढत जायची, आणि जागा पुरेना म्हणून अक्षर बारीक होत जायचं. शेवटच्या कार्डाला भिंग लागायचं. व्हर्नची ओळ एकच, आणि ती मोठ्या अक्षरात.

मी एकदा विचारलंच. “सही का देत नाही?”

“सही दिली की गोष्ट सांगावी लागते,” ते म्हणाले. “लोक विचारतात, तो चेंडू कसा सुटला.”

तो चेंडू गावात सगळ्यांना ठाऊक होता. अकरावा सामना, शेवटचा डाव, दोन्हीकडे गुण सारखे. हॅटननं टाकलेला चेंडू व्हर्नला अडवता आला नाही, तो मागं गेला, आणि तेवढ्यात समोरच्या संघाचा खेळाडू धावून ‘होम’वर पोचला, म्हणजे त्यांचा गुण झाला. सामना गेला. प्रशिक्षकानं विचारल्यावर व्हर्न म्हणाले, “माझी चूक.” दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात बसचं तिकीट होतं.

त्यापुढं ते कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. माणसाच्या घरात एक खोली बंद असली, तर आपण ती ढकलून बघू नये.

ते निवृत्त झाले आणि त्यांची बीट माझ्याकडे आली. मार्गी गेली. शनिवारी ते गंमत म्हणून माझ्याबरोबर निम्म्या पायऱ्या चढायचे, मग चौथाई, मग फाटकापर्यंत. उजवा हात थरथरायला लागला होता. तो ते खिशात ठेवायचे.

मागच्या ऑक्टोबरात त्यांच्या नावाचं नोंदणीचं पाकीट आलं. पावतीवर सही हवी होती. त्यांनी पेन धरलं आणि ते कागदावर पोचेपर्यंत मी दाराशी बराच वेळ उभी राहिले. जे उमटलं ते नाव नव्हतं, कोंबडीनं माती उकरावी तसं काहीतरी होतं. मी पावती फाडून घेतली आणि पिशवीत ठेवली.

“आत ये,” ते म्हणाले. “पाठवणाऱ्याचं नाव वाचलंय तू. उगाच साळसूद होऊ नकोस.”

नाव हॅटनच्या मुलीचं होतं. आत एक कार्ड, आणि दोन पत्रं. मुलीनं लिहिलं होतं, बाबा आता अंथरुणातच असतात, डॉक्टर आठवड्यांची भाषा करतात. दुसरं पत्र हॅटननं सांगितलेलं आणि तिनं उतरवून घेतलेलं. व्हर्ननी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं.

“व्हर्न, तू एक बोट दाखवलं होतंस. सरळ चेंडूची खूण. मला दिसलं होतं. मी तरी वळणारा टाकला, कारण मला वाटलं मी तुझ्यापेक्षा शहाणा आहे. तू सरळ चेंडूसाठी बसला होतास, तुला तो कसा मिळणार? तू चूक आपल्या अंगावर घेतलीस आणि मी गप्प बसलो. सत्तेचाळीस वर्षं गप्प बसलो. आता मी मुलीला सांगितलंय, नातवंडांनाही सांगितलंय. माझ्याकडचं हे कार्ड आहे. माझी बाजू भरलेली आहे. तू तुझी भर आणि परत पाठव. मला दोन्ही नावं बघायची आहेत.”

मी पत्र घडी करून ठेवलं. व्हर्न खिडकीतून खालच्या नदीकडे बघत होते.

“मग तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?” मी म्हटलं.

“त्याच्या हातात जे होतं ते माझ्या हातात नव्हतं. दोघांपैकी एकाला घरी जावंच लागणार होतं. आणि खरं सांगू? मी बोललो असतो तर पुढची एकोणीस कार्डं मला बघवली नसती.”

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. डाव्या चेहऱ्यावर हॅटनची झोकदार सही होती. उजव्या चेहऱ्यावर बावीस वर्षांचा एक मुलगा हसत होता, कान जरा मोठे, छातीवरची सहीची जागा कोरी.

आम्ही आधी जुन्या पाकिटांवर करून बघितलं. गरम पाण्यात हात धरला. कोपर टेबलाला टेकवलं. मार्गीची जाड पेन्सिल घेतली. सातही पाकिटांवर कोंबडीच उमटली. शेवटची डाक साडेचारला निघते आणि तीन वाजून गेले होते.

“मी लिहू का?” मी विचारलं. “अगदी तुमच्यासारखं.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “इतकी वर्षं सही मागणाऱ्या त्या बिचाऱ्यांना हात हलवत परत पाठवलं, ते यासाठी? खोटी सही त्याला कळेल. मरणाऱ्या माणसाला लवकर कळतं.”

थोडा वेळ त्यांनी डोळे मिटले. त्यांचा तो देव पायऱ्यांच्या खालीच थांबलेला असेल, तर त्या दिवशी त्याला वर यावं लागलं असणार. मी माझ्या देवाचं नाव मनात घेत बसले. मग त्यांनी शाईचं पेन उजव्या हातात घेतलं. बोटं पानासारखी हलत होती.

“सुलभा, तुमच्याकडे पोरांना पहिलं अक्षर कसं काढायला शिकवतात म्हणालीस?”

“हात धरून. पाटीवर श्री काढून घेतात.”

“मग इकडे ये, माझ्या मागं उभी राहा,” ते म्हणाले. “मनगट धर. ढकलू नकोस, ओढू नकोस, नुसतं स्थिर ठेव. अक्षरं माझी मी काढतो.”