वासराच्या वाटणीचा चीक

जालना नवा जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी धावड्याला विज्ञानाचा मास्तर म्हणून रुजू झालो. प्रथिनांचा धडा मी फार रंगवून शिकवायचो. "शरीरातली सगळी कामं प्रथिने करतात, आपण नुसते मालक म्हणून मिरवतो," हे वाक्य मी एक हात वर करून म्हणायचो. मागच्या बाकावरची पोरं दचकून जागी व्हायची.

मी एका मावशींच्या खोलीत भाड्याने राहायचो. त्यांच्या गाईची मागची दोन्ही वासरं हगवण लागून महिन्याच्या आत गेली होती. तिसऱ्या खेपेला कालवड झाली. मी सकाळी आंघोळ करून आलो तर ती लटपटत उभी राहून आचळं शोधत होती, आणि मावशींनी तिला दाव्याने लांब बांधलं होतं. चीक मात्र पातेल्यात काढून ठेवला होता. शेजारी खरवस जायचा होता.

"मावशी, हिला पाजत का नाही?"

"वासरामागची वार पडू द्या, सर. त्याच्या आधी पाजलं की बाधतं."

"कधी पडेल वार?"

"ती काय एष्टी हाय, टायमावर यायला?"

मी समजावून सांगितलं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रथिने जवळजवळ नसतात. गाय ती चिकातून देते. वासराचं आतडं ती रक्तात जाऊ देतं, पण जन्मल्यावर पहिले काही तासच. मग तो रस्ता बंद होतो.

"दिसतात का ती?"

"नाही."

"मंग?"

आता प्रयोग करणं भाग होतं. मी चुलीवर दोन भांडी चढवली. एकात शेजारच्या म्हशीचं दूध, दुसऱ्यात चीक. वर माझे दोन रुमाल झाकले, कारण झाकल्याशिवाय उघडण्याला मजा नसते. दूध उतू गेलं आणि एक रुमाल वाया गेला. दुसरा मी सावकाश उचलला. चीक वडीसारखा घट्ट झाला होता.

"हे प्रथिन!" मी म्हणालो. "दुधात एवढं नसतं. हे कालवडीच्या पोटात जायला पाहिजे होतं."

"मंग तुमी शिजवलं कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. मला कबूल करावं लागलं की आच लागली की प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि घट्ट बसतात. त्यानंतर ती लढत नाहीत. चवीला चांगली लागतात.

"म्हंजी तिची फौज तुमी चुलीवर ठेवली."

"नमुन्यापुरती."

नमुना वाया जाऊ नये म्हणून मी तो गुळासोबत खाल्ला. मावशी बघत राहिल्या. मग उठल्या आणि त्यांनी दावं सोडलं.

"हिला काही झालं तर तुमचं सामान रस्त्यावर."

कालवड ढुशा देत प्याली. दुपारी वार पडली. महिना गेला, हगवण लागली नाही. दोन महिने गेले, ती माझं वाळत घातलेलं धोतर चघळू लागली.

गावाने यावरून निष्कर्ष काढला. आधी सरांनी खरवस खाल्ला, मग वासरू प्यालं, आणि वासरू जगलं. तेव्हापासून गाय व्याली की मला बोलावणं यायचं. पहिल्या दोन घरी मी आतड्याचं, रक्ताचं सगळं पुन्हा सांगितलं. "बराबर हाय सर, पण आधी खा," एवढंच उत्तर मिळालं. तासाभरात वासरांना चीक मिळत होता. मी बोलणं थांबवून खाणं चालू ठेवलं. त्या वर्षांत माझ्याही अंगात प्रथिने बरीच जमली.

पुढे माझी बदली जालन्याला झाली. एका सकाळी खालच्या किराणा दुकानात माझ्यासाठी फोन आला. मावशी होत्या, घरासमोरच्या फोन बूथवरून. त्याच कालवडीच्या पोटची गाय पहाटे व्याली होती.

"डबा पहिल्या एष्टीत दिलाय. पोचला का?"

"नाही अजून. वासरू प्यालं का?"

"तुमी खाल्ल्याबिगर कसं सोडू? बांधून ठिवलंय. वरडून राह्यलंय."

साडेदहा वाजले होते. मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. या बाईला शास्त्र मीच शिकवलं होतं.

"मावशी, थांबा. एष्टीवाला आला वाटतं." मी दुकानदाराला डोळा मारला. "हां, आला डबा. उघडतो. खातोय बरं का." आणि फोनला तोंड लावून रिकामंच, पण मन लावून चावू लागलो. दुकानदाराच्या हातातलं माप हवेतच राहिलं.

"कसा झालाय?"

"फक्कड. विलायची तेवढी कमी पडली."

आगाऊपणाने बोलून गेलो. मी मेलो, असं मला वाटलं.

"तरी मी सुनंला सांगत व्हते," मावशी म्हणाल्या, आणि बूथमधूनच समोरच्या अंगणात ओरडल्या, "सोड गं! सरांनी खाल्लं!"

थोड्या वेळाने म्हणाल्या, "पी राह्यलंय, सर. चांगलं पी राह्यलंय."

डबा दुपारी तीनला पोचला. विलायची भरपूर होती.