लुगड्याचं दुसरं टोक

सदाशिवरावांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला, तेव्हा मी समोरच बसलो होतो. पडेगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून, मी नाटक कंपनीतला जुना नट. दोघांच्याही घरात दुसरं माणूस नाही. मी उभी हयात राण्यांची कामं केली, म्हणून ते मला राणीसाहेब म्हणत. एवढी पदवी मला कुठल्या सरकारनं दिली नाही.

डॉक्टरांनी कोपर दाबून पाहिलं आणि टेनिस एल्बो असल्याचं सांगितलं. जन्मभर फायलींशिवाय काही उचललं नाही, टेनिस कुठून आलं, म्हणून सदाशिवराव हसले. मग दर सोमवारी आम्ही बसनं औरंगाबादेत दमयंतीबाईंकडं जाऊ लागलो. त्या फिजिओथेरपिस्ट. त्यांच्याकडं यंत्रं कमी, हाताचं काम जास्त. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी अंगठा टेकवून त्या आडवा दाब देत, तेव्हा सदाशिवरावांचे डोळे मिटत. मग एका हातानं दंड धरून, दुसऱ्यानं कोपराखालचा भाग अलगद बाहेरच्या बाजूला सरकवत आणि मूठ वळायला सांगत. मूठ वळे, न दुखता. आपल्याच मुठीकडं ते परक्यासारखे बघत राहत.

पण पुढच्या सोमवारी दुखणं पुन्हा तिथंच. घरी काही पिळता का, असं बाईंनी विचारलं. ते नाही म्हणाले. शेवटी बाई म्हणाल्या की, जे काही करता ते थांबवलं नाही तर हा हात सुधारणार नाही. परतीच्या बसमध्ये सदाशिवराव खिडकीबाहेर बघत बसले.

रविवारी सकाळी मी शेंगदाण्याची चटणी द्यायला मागच्या दारानं गेलो. ओल्या लुगड्याचं एक टोक नळाला बांधलेलं, दुसरं दोन्ही हातांत धरून, ओठ चावत ते पीळ देत होते.

लुगडं त्यांच्या बायकोचं, भानुमतीवहिनींचं. त्या गेल्यापासून ते हेच पांघरून झोपत, आणि दर रविवारी रिठ्याच्या पाण्यात धुवत, वहिनी धुवायच्या तसं. पूर्वी पिळायला दोघं असत, एकेका टोकाला एक. धोब्याला का देत नाही, असं मी विचारलं. परक्या घरी ते पाठवायचं नाही, म्हणाले. मग नळाकडं बघत हळूच बोलले,

"बाईंना सांगू नका. त्या हे बंद करायला लावतील. मग रात्री मी काय पांघरू?"

आमच्या कंपनीत प्रयोग संपला की पडद्यामागं आम्ही अशीच लुगडी पिळायचो, समोरासमोर उभे राहून, चेहऱ्याचा रंग अजून तसाच. तेव्हाच्या जोडीदारांपैकी आता एकही उरला नाही. मी नळाची गाठ सोडली.

"तुम्ही नुसतं डाव्या हातानं धरा. पीळ मी देतो."

"राणीसाहेबांनी धुणं पिळायचं?"

"राज्य कधीच गेलं. धरा."

टोक त्यांनी डाव्या मुठीत घेतलं आणि बगलेत दाबलं. मी पीळ देत गेलो. फरशीवर पाणी निथळू लागलं. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"भानू उलट्या बाजूनं पिळायची."

मी सगळा पीळ सोडला आणि उलट्या बाजूनं द्यायला सुरुवात केली.