तीन बोटांची चूक

दुकानाच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण पाटी वाचतंय कोण? सगळी गल्ली त्यांना ‘शी मास्तर’ म्हणायची. तोंडावर नुसतं ‘मास्तर’, आणि पाठ वळली की पुढचा ‘शी’ आपोआप चिकटायचा. चिकटणारच. गिऱ्हाइकाने पिशवीतून पँट काढून टेबलावर टाकली की मास्तरांच्या तोंडून पहिला शब्द तोच निघायचा.

आणि खरं सांगायचं तर माणसं असतातच घाणेरडी. वरून कडक इस्त्री, आतून उकिरडा. कपडे उसवून लांब-आखूड करणाऱ्याला जे बघावं लागतं, ते डॉक्टरलाही बघावं लागत नसेल. पँटीच्या खालच्या दुमडीत वाळू निघते, केस निघतात, वाळलेला चिखल निघतो. एकदा तर कापलेलं नख निघालं होतं, अख्खं, अंगठ्याचं. एका मोठ्या साहेबाच्या कोटाच्या खिशात अर्धी चोखून ठेवलेली गोळी सापडली, अस्तराला घट्ट चिकटलेली आणि तिच्यावर लव उगवलेली. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. तेव्हापासून ते कपडा लाकडी चिमट्याने उचलत, दुमड उसवली की जुन्या टूथब्रशने आतलं सगळं वर्तमानपत्रावर झाडत, पुडी करून बाहेरच्या डब्यात टाकत आणि कोपरापर्यंत हात धुऊन मग सुईला शिवत.

‘‘अहो, घरातला साबण तुमचे हातच खातात,’’ मागच्या खोलीतून बायको म्हणायची. ‘‘कपड्यांना काय राखेने धुऊ?’’

मास्तरांचं नाव झालं होतं ते मात्र त्यांच्या नजरेमुळे. ते माप घेताना अंगाला हात लावत नसत. गिऱ्हाइकाला चार पावलांवर उभं करायचं, एक डोळा बारीक करायचा आणि कागदावर आकडा लिहून मोकळं व्हायचं. लोकांना वाटे, केवढं हे कसब! कसब होतंही, नाही असं नाही. पण दुसऱ्याच्या घामट पोटरीला बोट लावायची त्यांना किळस यायची, हे त्याच्या मुळाशी होतं. टेप आपला खिळ्याला लटकलेला असायचा, शोभेपुरता. एखादी पँट तोकडी झालीच तर चूक गिऱ्हाइकाच्या बुटांची.

त्या सकाळी असाच एक तरुण आला. नवा सूट, तयार घेतलेला. त्याला पँट आणखी वर घ्यायची होती.

‘‘घोटा दिसला पाहिजे, मास्तर. पूर्ण.’’

‘‘शी! घोट्यात बघण्यासारखं काय असतं?’’

‘‘हल्ली तशीच घालतात.’’

‘‘आमच्या वेळी एवढ्या लांबीला लोक शिंपी बदलायचे. आता मुद्दाम करून मागतात.’’ मास्तरांनी पँट चिमट्याने उलटी केली. खालची दुमड टाक्यांनी शिवलेली नव्हती, डिंकाने डकवलेली होती. आत पुरतं एक बोटभरही कापड नव्हतं. ‘‘हे बघ. चिकटवलंय. पाकीट आहे की पँट? उद्या लांब करायची म्हटलीस तर करणार कशातून?’’

तरुणाला उद्याची फिकीर नव्हती. तो मोबाइलमध्ये बघत निघून गेला आणि जाताना हातातला कागदी रुमाल टेबलावर विसरला, ओला. मास्तरांनी चिमटा उचलला. तेवढ्यात त्यांना वास आला.

वास आधी आला आणि दादा मागून. नेहमीसारखाच. मासळीचा वास, त्यात साबणाचा वास, आणि आज त्यावर कसलंसं अत्तरही फासलेलं. सगळं मिळून मूळच्या वासापेक्षा वाईट. मास्तरांचा थोरला भाऊ उंबऱ्याच्या बाहेर उभा होता, काखेत कापडी पिशवी धरून.

‘‘छोट्या, आहेस ना?’’

साठी उलटलेल्या माणसाला छोट्या म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता.

‘‘ये ना आत,’’ मास्तर म्हणाले, आणि नकळत खुर्ची मागे सरकवली.

‘‘नको. इथंच बरा आहे. वारं आहे इथं.’’

आईवडील गेले तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे होते आणि दादा सोळाचा. दादा मासळी साफ करायच्या शेडमध्ये लागला. दिवसभर बर्फाच्या पाण्यात उभं राहायचं, पोटं फाडायची, खवले खरवडायचे. दोघांना खोली एक आणि गादीही एकच. मास्तर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. शाळेत बाकावर त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे. एकदा त्यांच्या बाहीवर चिकटलेला खवला बघून सगळा वर्ग हसला होता, आणि घरी येऊन त्यांनी दादाच्या अंगावर तांब्या फेकला होता. दादाने तांब्या उचलून जागेवर ठेवला होता. पुढच्या वर्षी त्याने धाकट्याला एका म्हाताऱ्या शिंप्याच्या, थोरल्या मास्तरांच्या दुकानात शिकायला ठेवलं. म्हणाला, ‘‘स्वच्छ काम आहे. तुला झेपेल.’’

दादाने पिशवीतून पँट काढली. राखाडी, सुती धाग्यांनी शिवलेली. मास्तरांनी लांबूनच ओळखली. त्यांनी आयुष्यात शिवलेल्या पहिल्या सूटची ती पँट होती.

‘‘परवा पोरीचं लग्न आहे, तुला ठाऊकच आहे. व्याही मंडळींबरोबर दारात उभं राहायचंय, येणाऱ्या-जाणाऱ्यांना नमस्कार करत. कोट बसतोय अजून, बटण लावलं नाही की झालं. पँट तेवढी तोकडी आहे. बघतोस का? पोर म्हणते, बाबा, तुम्ही पाण्यातून चालल्यासारखे दिसता. सासरची माणसं हसतील तिच्या.’’

‘‘पस्तीस-चाळीस वर्षांची पँट, दादा! शी. नवी घे ना एखादी.’’

‘‘ही तू शिवलेली आहे,’’ दादा म्हणाला. ‘‘तीनदा धुतलीय. अत्तर पण टाकलंय.’’

मास्तरांनी तोंड फिरवलं. तो सूट त्यांना पाठ होता. त्याची गोष्ट ते दर गिऱ्हाइकाला ऐकवत. दादाचं लग्न ठरलं तेव्हा थोरले मास्तर म्हणाले होते, ‘‘भावाचा सूट तू एकट्याने शिवायचा. मी लग्नाला येऊन बघेन. जमला तर दुसऱ्या दिवशी कात्री तुझ्या हातात. नाही जमला तर जन्मभर बटणं लाव.’’ थोरले मास्तर आले, त्यांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी कात्री दिली. तीच कात्री आजही टेबलावर होती. लग्नाचा फोटो मात्र मास्तरांनी घरात कधी लावू दिला नव्हता. एवढा देखणा सूट, आणि आत दादा असा उभा, गुडघ्यात वाकून, ढुंगण मागे काढून, बसता बसता कोणी हाक मारल्यासारखा. फोटो बघितला की त्यांना अजून चीड यायची. जन्मात एकदा चांगला कपडा अंगावर आला तर या गबाळ्याला सरळ उभंसुद्धा राहता येऊ नये!

‘‘घालून ये,’’ ते म्हणाले. ‘‘पडद्याच्या मागे जा. कशाला हात लावू नकोस.’’

दादा पँट घालून आला आणि न सांगताच चार पावलांवर उभा राहिला. मास्तरांनी एक डोळा बारीक केला. पँट घोट्याच्या वर लटकत होती. त्याच्या जाड, पांढऱ्या, पाण्याने कुजलेल्या टाचा दिसत होत्या. मास्तरांनी घाईने नजर वर नेली.

‘‘पोट सुटलंय तुझं. पोटावरून पँट वर ओढली जाते, लांबी तिथं खर्च होते. समजलं?’’

‘‘असेल.’’

पण असेल म्हणून चालेना. पोट एक बोट खातं, फार तर सव्वा. ही पँट चांगली चार बोटं आखूड होती. उरलेली तीन बोटं गेली कुठं?

‘‘मधे कोणाकडून कापून घेतलीस?’’

‘‘छे! लग्नानंतर पेटीत ठेवली, ती काल काढली.’’

‘‘मग लग्नात कशी बरोबर होती?’’

‘‘कुठं बरोबर होती?’’ दादा हसला. ‘‘मी गुडघे वाकवून होतो ना दिवसभर.’’

मास्तरांनी बारीक केलेला डोळा उघडला.

‘‘तुझे ते थोरले मास्तर पहिल्या रांगेत बसलेले,’’ दादा अगदी साधेपणाने सांगू लागला. ‘‘चष्मा पुसून पुसून माझ्या पायांकडे बघत होते. म्हटलं, झालं, पोरगं जन्मभर बटणं लावणार. मग जरा वाकलो. वाकलं की पँट बुटावर यायची. तुझी वहिनी विचारत होती, पाय दुखतात का? म्हटलं, हो.’’

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘काय सांगायचं? तू खूश होतास.’’ दादाने आपले गुडघे चोळले. ‘‘या वेळीही भागवलं असतं तसंच. पण हे राहिले नाहीत आता, बर्फात उभं राहून कामातून गेले. काल आरशासमोर करून बघितलं, वाकतच नाहीत. म्हणून आलो. नाहीतर तुला कशाला वास द्यायला येतो?’’

मागच्या खोलीतला भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको ऐकत होती.

मास्तरांना ती संध्याकाळ आठवली. दादा शेडवरून आला होता, ओल्या पायांनी, आणि माप द्यायला हात पसरून उभा राहिला होता. मास्तर दारात उभे होते, नाकाला रुमाल लावून. हातात टेप होता, पण जवळ जायचं जिवावर आलं होतं. म्हणून त्यांनी चार पावलांवरून एक डोळा बारीक केला होता आणि आकडा लिहिला होता. सगळी गल्ली जिचं कौतुक करत आली ती नजर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वापरली होती.

‘‘काढ ती पँट,’’ ते कसेबसे म्हणाले.

त्यांनी ब्लेडने दुमड उसवली. टाके त्यांचेच होते, नवशिक्याचे, एकाला दोन घातलेले. आतून कापड खाली सुटलं. थोरल्या मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी दुमडीत जादा कापडाची भरपूर माया ठेवली होती, चांगली पाच बोटं. बाहेरचं कापड विटून राखेसारखं झालं होतं, पण आतलं नव्यासारखं गडद होतं. एवढी वर्षं ते तिथंच होतं. कोणत्याही दुपारी तासाभरात काम झालं असतं. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा.

टूथब्रश फिरवताना दुमडीतून काहीतरी वर्तमानपत्रावर पडलं. नखाएवढं, पारदर्शक, वाळून कडक झालेलं. खवला.

‘‘शी!’’

सवयीने निघालं. तोंडातून बाहेर पडलं आणि मग मास्तरांच्या कानांनी ऐकलं. दादा गुडघ्यांवर हात टेकत झटकन मागे सरकला, पार उंबऱ्यापर्यंत.

‘‘राहिला असेल एखादा,’’ तो ओशाळून म्हणाला. ‘‘लग्नाच्या दिवशी चार वेळा अंघोळ केली होती रे. तरी राहतातच.’’

मास्तरांना आयुष्यात खूप गोष्टींची किळस आली होती. परक्यांच्या नखांची, केसांची, चोखलेल्या गोळीची. पण आत्ता ज्याची किळस आली ते चिमट्याने उचलून बाहेरच्या डब्यात टाकता येण्यासारखं नव्हतं. हे आपले स्वच्छ हात, कोपरापर्यंत धुतलेले. शी. शी. काय माणूस आहोत आपण!

त्यांनी व्हिनेगरमध्ये फडकं बुडवून जुन्या दुमडीची पांढरी रेघ चोळली, वर इस्त्री दाबली, पुन्हा चोळली. रेघ पुसट झाली, गेली नाही. ‘‘ही राहणार,’’ ते रेघेकडे बघत म्हणाले. ‘‘आतून अस्तराची पट्टी लावतो, म्हणजे सगळं कापड खाली सोडता येईल. घालून ये परत.’’

दादा घालून आला. पँटीची मोकळी टोकं टाचांखाली लोळत होती. सवयीने तो चार पावलांवर थांबला.

‘‘जवळ ये.’’

‘‘अरे, इथून दिसेल तुला. तुझी नजर…’’

‘‘खड्ड्यात गेली नजर. ये म्हणतो ना!’’

मास्तरांनी खिळ्यावरचा टेप काढला. त्यावर धूळ होती, ती त्यांनी स्वतःच्याच शर्टाला पुसली. मग ते फरशीवर गुडघे टेकून बसले, हाडं कडकडली, आणि त्यांनी टेपचं टोक दादाच्या कमरेला लावून त्याला धरायला दिलं. एवढ्या जवळून वास फारच वाईट होता. अत्तरही लपवू शकत नव्हतं. तरीही त्यांनी टेप मांडीवरून, गुडघ्यावरून, पोटरीवरून खाली आणला. दुसऱ्या हाताने त्यांनी दादाची टाच धरली. टाच थंड होती आणि भेगाळलेली. तिला हात लावायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

टेप टाचेला लागला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोरचा गुडघा जरासा पुढे आला. दादा वाकत होता. दुखत होतं तरी वाकत होता, दात दाबून, हळूहळू.

‘‘दादा, काय करतोस? सरळ उभा राहा.’’

‘‘कमी पडत असेल तर, म्हटलं…’’

‘‘नाही पडत. सरळ राहा.’’

दादाने मान खाली घालून धाकट्याच्या पांढऱ्या डोक्याकडे बघितलं.

‘‘तुझे थोरले मास्तर गेले ना रे?’’

‘‘गेले. केव्हाच गेले.’’

‘‘मग ठीक आहे,’’ दादा म्हणाला, आणि सरळ उभा राहिला.