इंग्रजी 'जे' संपला तेव्हा

पहिल्या पानाच्या सातव्या ओळीत इंग्रजी 'जे' संपला.

मी नाशकात भद्रकालीतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. म्हणजे शिशाची एकेक अक्षरं उचलून ओळी जुळवायच्या. त्या अक्षरांना आम्ही खिळे म्हणायचो. प्रेस मराठी, इंग्रजी खिळे थोडे, त्यात 'जे' अगदी मोजके. खिळा संपला की तिथे तेवढ्याच जाडीचा दुसरा, बूड वर करून लावायचा. प्रूफात त्या जागी काळा ठिपका उमटतो. मागाहून बघून घ्यायचं.

काम अहिरे सरांच्या अर्जाचं होतं. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. सर कॉलेजात संध्याकाळी पत्रकारितेचा कोर्स चालवायचे. एक खोली, एकटे सर, आणि आठवड्यातून दोनदा प्रॅक्टिकलला मी. मी येवल्याच्या विणकराचा पोरगा, शाळा तिसरीत सुटलेली. पण मुलं मला सर म्हणायची. खोटं कशाला सांगू, आवडायचं मला.

परदेशातली एक संस्था पत्रकारिता शिकवणाऱ्या मास्तरांसाठी ग्रँट देत होती. त्यांच्या खर्चाने आपला मास्तर तिकडे शिकून येणार, मग त्यांचा इकडे येऊन शिकवणार. प्रिन्सिपॉलनी सांगूनच टाकलेलं, ग्रँट आली तर कोर्स राहील, नाहीतर जूनपासून खोली टायपिंगच्या क्लासला.

तर सातवी ओळ. माझा हात थांबला. याच जागी मी आधीही अडलो होतो. इंग्रजी मला येत नाही, आकार बघून लावतो. पण बाप पैठणी विणायचा. नक्षी एकदा हाताखालून गेली की आमच्या घरात कोणी विसरत नाही.

पहिली प्रूफं मी टाकून देत नसे. दोऱ्यात ओवून खुंटीला लावायचो. मालक त्याला उकिरडा म्हणायचे. त्या उकिरड्यातून दोन वर्षांपूर्वीचं प्रूफ काढलं. दुसऱ्या गावच्या कॉलेजचा अर्ज. नवं पान पुरं लावून त्याचंही प्रूफ काढलं, शेजारी ठेवलं. काळे ठिपके जिथल्या तिथे!

सर आले तसं म्हटलं, "सर, हे काम मी आधी केलंय."

"नाना, मॅटर काल तर दिलं तुम्हाला."

"तुम्ही काल दिलं. त्यांनी दोन वर्षांपूर्वी."

"तुम्हाला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?"

"मला नाय येत. बोटांना येतं."

सरांनी दोन्ही कागद वाचले. मग स्टुलावर बसले. "लिहिणारा मुंबईचा माणूस आहे हो. फॉरेनच्या अर्जांत एक्स्पर्ट. खास आपल्यासाठी लिहिलंय म्हणाला."

"खास त्यांच्यासाठी पण लिहिलं त्याने. संस्था तीच का?"

"तीच. त्यांना मिळाली होती ग्रँट. नाना, वाचणाऱ्यांनी ओळखलं तर आपलं नाव कायमचं गेलं. आणि परवा टपालात पडायला हवा."

"मग लिहा की तुमचं तुम्ही. पण 'जे' कमी वापरा. जर्नालिझम चार-पाच वेळाच. जास्त लिहिलंत तर मी लावणार नाय."

"अहो, अर्जच जर्नालिझमचा आहे!"

"नावाचा जप कशाला? आपण काय करतो ते लिहा."

सर चिडले. पण खिळ्यांपुढे एम.ए. चालत नाही. लिहायला बसले.

वर्गातल्या लासलगावच्या एका मुलाने कांद्याच्या लिलावाची बातमी दोन पानं लिहून आणली होती. मी म्हटलं होतं, लाव आता खिळे स्वतःच्या हाताने. तासाभरात तिच्या दहा ओळी झाल्या. लिलाव किती वाजता बंद पडला आणि का, एवढंच राहिलं. हे सरांनी लिहिलं. मग मी म्हटलं, "तुम्ही पेपरात कधी नोकरी केली नाय, पुस्तकातून शिकवता, तेही लिहा."

"ते कसं लिहिणार?"

"खरंय ना? सगळं येत असेल तर तिकडे कशाला नेतील तुम्हाला?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की खिळे फेकून मारतात की काय. पण लिहिलं. मी लावलं. 'जे' पुरले.

पावसाळ्याआधी पत्र आलं. ग्रँट मंजूर. टायपिंगवाल्यांना दुसरी खोली शोधावी लागली. सर परदेशी गेले आणि ते येईपर्यंत वर्ग माझ्यावर आला. हजेरीपटावर प्रिन्सिपॉलनी माझ्या नावापुढे 'शिपाई' लिहिलं. शिक्षक लिहायला डिग्री लागते म्हणे. मी सही केली नाही.

"मग काय लिहू?" ते म्हणाले.

"कंपोझिटर लिहा."

तीन दिवस वर्ग बंद ठेवला. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं.

माझं म्हणणं एवढंच, अर्ज उसना घेऊ नये. घ्यायचाच असेल, तर तो आधी कुठल्या प्रेसात छापला, ते तरी विचारून घ्यावं.