चिऱ्याच्या भिंतीवरचा फोटो

सोलापूरच्या बुद्धप्रिया तळभंडारेला उजनीकाठच्या गावांत आता 'मासेवाल्या मॅडम' म्हणतात. पाण्यात पिंजरे लावून मासे वाढवणाऱ्यांना ती सल्ला देते. मत्स्यशास्त्राचं शिक्षण घ्यायला ती अठराव्या वर्षी रत्नागिरीला गेली, आणि पहिले तीन महिने अभ्यासापेक्षा घरमालकिणीवर पाळत ठेवण्यात गेले, असं तिनं स्वतःच मला सांगितलं.

वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. वडील यशपाल एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. रजा काढून बरोबर आले होते. दोन घरांनी नाही म्हटल्यावर खानविलकरकाकूंच्या मागीलदारची खोली मिळायची चिन्हं दिसली. काकू साठीच्या, एकट्या राहायच्या. भाडं ठरलं, नळाची वेळ सांगून झाली, आणि मग त्यांनी विचारलं, "तळभंडारे म्हणजे कोण?"

"सोलापूरचे," यशपाल म्हणाले.

"ते कळलं हो. पण कोण?"

"मुलीचं नाव बुद्धप्रिया आहे," ते शांतपणे म्हणाले.

काकूंनी दोघांकडे पाहिलं, आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. हातात न देता कठड्यावर ठेवली. बुद्धप्रियानं ते लक्षात ठेवलं.

आईनं, म्हणजे चांगुणाबाईंनी, डबा भरून कडक भाकऱ्या दिल्या होत्या. सोलापुरात त्या महिनाभर कडकडीत राहतात. इथं चौथ्या दिवशी त्या वातड झाल्या. कुणीतरी डबा उघडतंय, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं झाकणाभोवती काळा दोरा बांधला. दोन दिवसांनी पाहिलं, दोरा जसाच्या तसा आणि भाकरी आणखी मऊ. बाई हुशार आहे, तिला वाटलं. दोरा सोडून पुन्हा तशीच गाठ मारते.

मग पुस्तकं हलायला लागली. जमिनीवर रचलेली चळत संध्याकाळी खाटेवर सापडायची. एकदा तिचे बूट खिडकीत ठेवलेले होते. काकूंकडे दुसरी किल्ली होती, हे उघड होतं. माझ्या सामानात या काय शोधतात? वर्गातल्या अपेक्षाला तिनं विचारलं, तर ती म्हणाली, "खोली बदल." पण दोन नकार वडिलांच्या चेहऱ्यावर कसे उमटले होते, ते बुद्धप्रियानं पाहिलं होतं. पुन्हा त्यांना दारोदार फिरवायचं तिच्या मनात नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी ती बंदरावरून प्रॅक्टिकल आटोपून आली. अंगाला मासळीचा वास येत होता. दार उघडलं आणि खाटेवरची भिंत रिकामी दिसली. पहिल्याच दिवशी लावलेला बाबासाहेबांचा फोटो नव्हता. नुसता खिळा उरला होता.

तिनं आईला फोन लावला. "आई, हिनं फोटो काढला."

"काढताना बघितलीस का?"

"न्हाय. पण दुसरं कोण येतंय हितं?"

"मग जाऊन विचार की. आधी विचार, मग भांड."

ती तशीच पुढच्या दारी गेली. "माझा फोटो कुठाय?"

काकू तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. चुलीपासून हातभर अंतरावर, स्वच्छ फडक्यावर फोटो ठेवला होता. चौकट आणि काच वेगळी केलेली. कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर ओलीचा डाग चढला होता.

"जांभ्या चिऱ्याची भिंत गो ती, पावसात पाणी पिते," काकू म्हणाल्या. "आणखी आठ दिवस ठेवला असतास तर चेहरा गेला असता. पुस्तकं तरी किती वेळा उचलायची मी? फोटोच्या मागे बाटलीची बुचं लाव, हवा खेळते."

बुद्धप्रियाला भाकऱ्यांचं कोडंही तिथंच सुटलं; डबा कुणी उघडला नव्हता, हवाच दमट होती. पण एक प्रश्न उरला होता, आणि आज नाही विचारला तर कधीच विचारणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"पहिल्या दिवशी आडनावाचं का विचारलंत?"

काकूंनी फडक्याची घडी सारखी केली. "तुला वाटतं त्यासाठीच विचारलं. खोटं कशाला सांगू? नाही म्हणायचं ठरवलं होतं. तुझे वडील ज्या तऱ्हेनं बोलले, त्यापुढे माझं तोंड उघडलं नाही."

"माझ्या खोलीत मला न विचारता यायचं नाही," बुद्धप्रिया म्हणाली.

काकूंना ते लागलं. पंधरा दिवस दोघींचं बोलणं बंद होतं. सोळाव्या दिवशी दारावर टकटक झाली. "आत येऊ काय गो? पन्हळ बघायची होती." तेव्हापासून त्या दर वेळी विचारून आल्या. चार वर्षं ती तिथंच राहिली. तापानं पडली तेव्हा काकूंनी पेज करून आणली, आणि डिग्री मिळाली तेव्हा स्वतः रिक्षा करून समारंभाला आल्या.

एक गोष्ट मात्र तिला आजही ठामपणे सांगता येत नाही. दर दिवाळीनंतर ती घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी काकूंना वाटीभर द्यायची. वाटी दुसऱ्या दिवशी लख्ख घासून परत यायची. काकू म्हणायच्या, "छान होती." त्यांना खाताना तिनं कधी पाहिलं नाही.

"विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"एकदा विचारलं, तेवढं पुरे झालं," ती म्हणाली. "वाटी देत राहिले."